बिटाच्या रसात बुडवलेला पंजा

लार्च बेंडला महापौर नाही. कधी नव्हताच. एक चर्च, एक पोस्ट, पेट्रोलपंपाला चिकटलेलं दुकान आणि खोरंभर विखुरलेली सफरचंदवाल्यांची घरं. एवढ्याशा पसाऱ्याला महापौर हवाय कुणाला? तरी त्या नोव्हेंबरात तिथे महापौरपदाची निवडणूक झाली आणि सगळ्यांत तगडा उमेदवार होता टर्निप. टर्निप म्हणजे हाल्वर ब्रेक्केचा कुत्रा. पाय वीतभर, कान जमीन झाडणारे आणि चेहरा असा की नुकताच कुणाच्या तरी मयताला जाऊन आलाय. विरोधात चर्चमधलं मांजर उभं होतं, नाव बिशप. ते प्रचाराला एकदाही फिरकलं नाही.

गाव हसत होतं. ही कल्पना जिच्या डोक्यातून निघाली ती हाल्वरची बायको सॉल्वेग मात्र हसत नव्हती. तिचा जीव टांगणीला लागला होता आणि जीव टांगणीला लागलेलं माणूस काय वाटेल ते करतं. तिने कुत्रा उभा केला.

झालं होतं असं. मार्च महिन्यात हाल्वर स्वयंपाकघरात कॉफी ओतता ओतता खाली कोसळला. हृदय बंद. पेट्रोलपंपामागच्या शेडमधून गावची अ‍ॅम्ब्युलन्स आली, कर्टिस आणि जोलीन आत धावले, फरशीवर गुडघे टेकून त्यांनी हाल्वरची छाती दाबदाब दाबली आणि गेलेला माणूस परत आणला. ओतलेली कॉफी अजून कोमट होती, असं सॉल्वेग पुढे प्रत्येकाला सांगायची. हीच गाडी घाटापलीकडच्या, कौंटीच्या म्हणजे जिल्ह्याच्या गावाहून आली असती तर तासभर लागला असता. आणि हिवाळ्यात घाट बंद पडला की आलीच नसती.

तर ही गाडी आता जाणार होती. पैसा संपला होता. गाडी राखायची तर खोऱ्याने स्वतःवर एक नवा कर बसवून घ्यायचा, आणि त्यासाठी मतदान. नियम मोठा चमत्कारिक. नुसते होकार जास्त पडून भागत नाही, अमुक इतक्या लोकांनी मत द्यायलाच हवं. तेवढी माणसं भरली नाहीत की विषय मेला, मग होकार कितीही असोत. ऑगस्टमध्ये तसंच झालं होतं. होकार ढीगभर पडले, पण माणसं कमी पडली. आता मत द्यायला कुणाला डोंगर फोडायचा असतो का? मतपत्रिका टपालाने घरी येते. खूण करा, पाकिटात घाला, पाकिटावर सही ठोका, पेटीत टाका. तेवढंही होत नाही लोकांच्याने. ‘टाकायचंच राहिलं गं’ म्हणत पाकिटं फ्रिजवरच्या केळ्यांखाली महिना महिना पडून राहतात. कौंटीने साफ सांगितलं होतं की नोव्हेंबरात ही शेवटची संधी. नाहीतर नव्या वर्षाला शेडला कुलूप.

लोक ज्याला विसरणार नाहीत असं काहीतरी सॉल्वेगला हवं होतं. आणि टर्निपला विसरणारं माणूस खोऱ्यात नव्हतं, कारण त्याने प्रत्येकाच्या अंगणात एकदा तरी घाण केली होती.

दर वर्षी मतदानाच्या आधीच्या शनिवारी चर्चच्या तळघरात लुटफिस्कचं जेवण असतं. वाळवलेला मासा चुन्याच्या निवळीत भिजवून थुलथुलीत करतात, त्यावर वितळलेलं लोणी, आणि सोबत लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी. तो मासा मनापासून आवडणारं माणूस विरळाच, पण न येणारं माणूस त्याहून विरळ. सॉल्वेगने जाहीर केलं: आपलं मतदानाचं सही केलेलं बंद पाकीट घेऊन या. पाकीट दाखवलं की टर्निप त्यावर पंजा उमटवणार, आणि मगच तुम्हाला महापौर निवडता येणार.

“कशात बुडवणार पंजा?” स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गुनहिल्डने विचारलं.

“शाई आणलीये.”

“शाई? माझ्या नव्या फरशीवर? आणि ते ध्यान पंजा चाटत बसेल ते वेगळंच. बिटाच्या लोणच्याची ही बरणी आहे ना, त्याचा रस घे. खाल्ला तरी मरणार नाही.”

झालं. बिटाचा रस ठरला. गुनहिल्डची फरशी वाचली आणि सॉल्वेगने आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. पण त्या दिवशी हे कळणार कुणाला?

त्या दिवशी तळघरात जत्रा लोटली होती. गळ्यात लाल फीत बांधून टर्निप टेबलावर बसला होता आणि हाल्वर त्याचा पंजा धरून एकेका पाकिटावर दाबत होता. लोक चेकाळले होते. “इथे दाब रे, इथे, माझ्या सहीवरच दाब,” रोल्फ लिंडगार्ड ओरडला, “म्हणजे त्यांना कळेल मी कुणाच्या सांगण्यावरून मत दिलंय.” रोल्फने केलं म्हणून मागच्यांनीही केलं. टर्निप हुबेहूब पाद्र्यासारखा गंभीर. मार्चपासून पहिल्यांदाच हाल्वर खळखळून हसला, खोकला लागेपर्यंत. त्या हसण्याकडे बघत सॉल्वेग ओली पाकिटं एकावर एक रचून खोक्यात भरत राहिली. सगळ्यांत शेवटी हाल्वरने आपलं पाकीट काढलं, त्यावरही पंजा दाबला आणि तिच्या हातात दिलं. तिने ते खोकं स्वतः गाडीत घातलं, घाट उतरून पेटीत टाकून आली, आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी शांत झोपली.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. कौंटीच्या निवडणूक कचेरीतली मारिसेला डेलगाडो बोलत होती.

“ब्रेक्केबाई, एक विचारू? तुमच्या गावची पाकिटं जांभळी का आहेत?”

सॉल्वेगने सगळं सांगितलं.

“बाई, सह्या दिसत नाहीयेत. काहींवर पंजा आहे, काहींवर नुसता रस पसरलाय. सही पटल्याशिवाय पाकीट उघडता येत नाही मला. मी प्रत्येकाला पत्र पाठवतेय. निकाल पक्का होण्याच्या आदल्या दिवशी कचेरी बंद व्हायच्या आत ज्याने त्याने नव्याने सही करून पाठवायची. नाही पाठवली तर ते मत गेलं.”

“किती आहेत अशी?”

“चाळीसच्या वर. आणि ती धरली नाहीत, तर ऑगस्टसारखंच होतंय.”

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात ते हेच. एरवी जे आळसाने पडून राहिले असते त्यांना हिनेच उठवलं, आणि हिनेच त्यांची नावं पुसून टाकली. सॉल्वेग फोन ठेवून तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारच्या खोलीत हाल्वर खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेत होता. मार्चपासून त्याला आडवं होता येत नव्हतं, धाप लागायची. ती त्याचा श्वास मोजत राहिली.

मग सुरू झाली ती वणवण. निम्मे लोक पत्र मिळताच सही करून आले, बिचारे, वर सॉरीही म्हणाले. उरलेल्यांच्या मागे सॉल्वेग जुना ट्रक घेऊन फिरली. कुणी म्हणे पत्र आलंच नाही, कुणी म्हणे ते जाहिरातीचं समजून चुलीत घातलं, तर कुणी दारातच हात जोडले. “एकदा दिलं ना मत? आता पुन्हा कसली सही? कटकट नुसती.” ही ओशाळून हसायची, कोरा कागद पुढे करायची, पेनाचं टोपणही स्वतःच काढून द्यायची. भिकाऱ्याला निदान नाही म्हटलेलं ऐकायची सवय असते. हिला तीही नव्हती.

म्हातारी ओडेलिया लेकीकडे गेली होती, तीन तासांवर. सॉल्वेग तिथे गेली. एकजण दवाखान्यात होता. तिथे गेली. आणि रोल्फ, ज्याने हा सगळा घोळ सुरू केला, तो दोन भावांना घेऊन एल्क हरणाच्या शिकारीला वर जंगलात जाऊन बसला होता. तिथे फोन लागत नाही आणि खाणाखुणा असतात त्या शिकाऱ्यांनाच कळतात. ट्रक चिखलात रुतला तशी ती खाली उतरली आणि चालत निघाली. मागून टर्निप, पोट घासत, दर चार पावलांवर बसत. तंबूपाशी पोचली तेव्हा ती गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखली होती.

“अरे देवा,” रोल्फ हातातली कढई खाली ठेवत म्हणाला, “महापौर स्वतः आलेत.”

“सही कर, रोल्फ.”

“बस तर आधी. कॉफी घे.”

“सही कर म्हणते ना.” आणि ती रडायला लागली. तिघे दाढीवाले भाऊ कावरेबावरे होऊन कधी तिच्याकडे तर कधी कुत्र्याकडे बघत राहिले. रोल्फने मुकाट्याने सही केली आणि भावांकडूनही करून घेतली. मग तिघांनी मिळून ट्रक चिखलातून ढकलून काढला. “मी गंमत केली गं,” खिडकीशी वाकून रोल्फ म्हणाला. “मला काय माहीत असं होईल.”

“मलाही माहीत नव्हतं,” ती म्हणाली. त्याला बोल लावायचं तिच्या जिवावर आलं. त्याच्या सुनेला पाचवा महिना होता, गाडीची गरज त्यालाही होतीच.

शेवटच्या दिवशी सकाळी तिने मारिसेलाला फोन लावला.

“एकच कमी पडतंय, बाई,” मारिसेला म्हणाली. आता तिच्याही आवाजात अधीरता होती. “होकार भरपूर आहेत, त्याची काळजी नाही. फक्त माणसांचा आकडा. आणखी एकाने सही केली की झालं. पाचच्या आत आणा.”

सॉल्वेग चक्क हसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते एक कुठे आहे हे तिला ठाऊक होतं. तिच्याच घरात होतं, ब्रेडच्या डब्याखाली. हाल्वरचं पत्र आलं त्याच दिवशी तिने ते त्याच्यासमोर ठेवलं होतं आणि तो म्हणाला होता, करतो. मग ती बाहेरच्यांच्या मागे लागली. घरचं काय, घरचं कुठे जातंय?

ती पत्र आणि पेन घेऊन त्याच्या खुर्चीपाशी गेली. “कर रे पटकन. दुपारनंतर घाटात बर्फ आहे म्हणतात.”

“ठेव तिथे.”

“ठेवायला वेळ नाही, हाल्वर. तुझी एकच राहिलीय.”

त्याने पेन घेतलं, बोटांत फिरवलं आणि मांडीवर ठेवलं. “मी काय मत दिलंय ते विचारलंस का कधी?”

“त्यात काय विचारायचं?”

“मी नको म्हटलंय.”

तिला आधी कळलंच नाही. “काय नको?”

“गाडी.” तो सावकाश बोलत होता, चार शब्दांनंतर थांबून हवा ओढत. “गाडी नको, कर नको. नाहीच्या चौकोनात खूण केलीय मी.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” सॉल्वेगचा आवाज चढला. “मी जंगलात चिखल तुडवत गेले. ओडेलियाच्या लेकीच्या दारात थंडीत उभी राहिले. लोकांनी मला दारातून हाकलून दिलं. कुणासाठी?”

“माझ्यासाठी. माहितीये मला. म्हणून तर बोललो नाही. तोंडावर काय सांगणार होतो? म्हटलं, पाकिटात बंद असतंय, कळणार नाही कुणाला.”

“पण का?”

हाल्वर खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर सफरचंदाची झाडं उघडी पडली होती. या वर्षी त्यांची छाटणी त्याने केली नव्हती, भाड्याच्या माणसांनी केली होती आणि वाईट केली होती.

“मार्चमध्ये पडलो ना, तेव्हा दुखायचं थांबलं होतं गं. अगदी थांबलं होतं. मग कुणीतरी छातीवर चढून बसलं. डोळे उघडले तर कर्टिस रडतोय, तू रडतेयस, आणि माझ्या बरगड्या मोडल्यात. सगळे खूश. मलाही वाटलं, आपणही खूश व्हायला हवं. प्रयत्न केला मी. पण हे काय जगणं आहे, सॉल्वेग? बसून झोपायचं. मोरीपर्यंत जाताना दोनदा थांबायचं. आणि पुन्हा पडलो की पुन्हा ते येणार, पुन्हा दाबणार, पुन्हा इथेच आणून बसवणार. मला भीती मरणाची नाही वाटत. त्या गाडीची वाटते.”

तिला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं, या आजारी माणसाच्या थोबाडीत द्यावी आणि मग त्याला छातीशी धरून बसावं.

“गाडी तुझ्या एकट्याची आहे का रे?” ती म्हणाली. “रोल्फच्या सुनेचं काय? शाळेच्या बसला काही झालं तर? आणि मी? तू जा खुशाल. मी या घरात एकटी राहणार आहे. उद्या मी जिन्यावरून पडले तर कोण येणार? टर्निप येणार?”

“हाच विचार करतोय इतके दिवस. म्हणून तर फाडलं नाही ते पत्र.” त्याने पेन पुन्हा उचललं. “सही करतो मी. पण माझंही एक काम तू करायचं. डॉक्टरीणबाईंनी उन्हाळ्यात तो हिरवा कागद पुढे केला होता, आठवतंय? हृदय बंद पडलं तर पुन्हा सुरू करू नका, असा. तू तो टेबलावरून परत सरकवलास. म्हणालीस, आमच्या घरात असले कागद लागत नाहीत. तुझ्या मर्जीविरुद्ध मी काही केलं नाही आजवर, आताही करणार नाही. पण तू हो म्हण. आपण जाऊन तो भरू आणि तू तो फ्रिजवर लावायचास. तुझ्या हाताने.”

“अडवणूक करतोयस माझी.”

“करतोय,” हाल्वर म्हणाला. “सगळ्या जन्मात एकदाच करतोय.”

ती मागच्या दाराने बाहेर गेली आणि सरपणाच्या ढिगाशी उभी राहिली. अंगावर स्वेटरही नव्हता. काय गंमत आहे बघा: ज्याला वाचवायला गाडी राखायची, त्याच्यासाठी ती वापरायची नाही, ही गाडी राखायची किंमत. तिने खूप शोधलं, पण यातून सुटायची वाट सापडेना. सही नाही झाली तर गाडी जाणार, आणि तो तसाही जाणारच, फक्त तेव्हा जवळपास कुणीही नसणार. रडून झाल्यावर तिने एप्रनने तोंड पुसलं आणि आत आली.

“लावीन,” ती म्हणाली.

“शपथ?”

“लावीन म्हटलं ना.”

त्याने सही केली. सावकाश, पण पूर्ण नाव, हाल्वर इंगेब्रिग्ट ब्रेक्के. तिने कागद कोटाच्या आत ठेवला आणि ट्रक काढला. घाटात बर्फ लागलाच. समोरचं काही दिसत नव्हतं, वायपर रडत होते आणि ती मोठमोठ्याने हाल्वरला शिव्या देत गाडी हाकत होती. देवालाही दोन दिल्या.

कचेरी बंद व्हायच्या बेतात होती. मारिसेलाने कागद घेतला, जुनी सही काढून शेजारी धरली, बराच वेळ बघितलं. सॉल्वेगने टेबलाची कड घट्ट धरली होती.

“पटतेय,” मारिसेला म्हणाली. “भरला आकडा. अभिनंदन, ब्रेक्केबाई.”

“नीट मोजा बाई. त्यात एक नकार आहे.”

“आत काय आहे ते कुणाचं कुणाला कळत नाही. मलाही नाही.”

“मला कळतं,” सॉल्वेग म्हणाली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. गाडी चालवण्याइतकं बळ यायला तिला बराच वेळ लागला.

गावात जल्लोष झाला. टर्निप भरघोस मतांनी निवडून आला, बिशपची अनामत जप्त झाली असं रोल्फने चर्चमध्ये जाहीर केलं. कर्टिस आणि जोलीनने शेडसमोर टर्निपला गाडीच्या टपावर बसवून फोटो काढला. सॉल्वेगला लोक मिठ्या मारत होते. तू होतीस म्हणून झालं, म्हणत होते. ती हसत होती. गालफडं दुखेपर्यंत हसली.

त्याच आठवड्यात ती दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. हिरवा कागद तिने फ्रिजवर लावला, स्वतःच्या हाताने, नातवाने केलेल्या मातीच्या माशाच्या चुंबकाने. मग तो बघायला नको म्हणून ती फ्रिजचं दार उघडून आतून दूध काढायला लागली. दोनदा तिने तो काढून ड्रॉवरमध्ये टाकला. हाल्वर फ्रिजच्या रिकाम्या दाराकडे बघत बसला. दोन्ही वेळा तिने तो परत लावला. नाताळात त्याला बरं वाटलं. लेफ्सा लाटताना तो शेजारी बसून पीठ भुरभुरत होता, गाणं गुणगुणत होता. तिला वाटलं, डॉक्टरांना काय कळतंय. माणूस आशेला चिकटला की काढता निघत नाही.

जानेवारीत, एका सकाळी, ती अंडी फेटत असताना त्याने तिला नावाने हाक मारली. ती वळेपर्यंत तो खुर्चीतून घसरला होता.

तिने फोन उचलला. शपथ, कागद, काही आठवलं नाही. हात आपोआप गेला. घाट दोन दिवस बंद होता, बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत चढला होता, आणि तरी ती गाडी आली. भोंगा ऐकू आला तेव्हा ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन “आले, आले बघ,” असं त्याला सांगत होती. कर्टिस आत धावला, त्याच फरशीवर गुडघे टेकले, शर्ट फाडला, तळहातावर तळहात ठेवून छातीवर वाकला. जोलीन हृदयाला झटका द्यायचं मशीन घेऊन फ्रिजशेजारी थांबली. थांबूनच राहिली.

“कर्टिस,” ती म्हणाली.

कर्टिसने वर बघितलं. हिरवा कागद त्याला तिथूनही दिसला. हे लोक तो लांबून ओळखतात, म्हणूनच तो तसल्या भडक रंगाचा असतो. त्याचे हात हाल्वरच्या छातीवर तसेच राहिले.

“सॉल्वेगमावशी,” तो म्हणाला. तोंड पांढरं पडलं होतं त्याचं. “हा कागद खरा आहे का? तुम्ही सांगा लवकर. तुम्ही खोटा म्हणालात तर मी सुरू करतो.”

एक शब्द. फक्त ‘खोटा’ म्हणायचं. हाल्वरला कळणारही नव्हतं, आणि कळलं तर तो जिवंत असणार होता, रागावला असता, महिनाभर बोलला नसता, पण समोरच्या खुर्चीत बसून बोलला नसता. तिने तोंड उघडलं. त्याचा चेहरा तिच्या मांडीवर होता. कपाळावरची आठी, जी मार्चपासून कधी गेली नव्हती, ती गेली होती.

“खरा आहे,” ती म्हणाली. “मीच लावलाय. सोड त्याला, कर्टिस.”

कर्टिसने हात काढले. एवढा थोरला गडी, पण ते हात कुठे ठेवावे हेच त्याला समजेना. मग त्याने फाटलेला शर्ट दोन्ही बाजूंनी ओढून हाल्वरची छाती झाकली. जोलीनने मशीन बंद करून भिंतीशी ठेवलं. कुणीही निघायची घाई केली नाही. जोलीन येऊन सॉल्वेगला खेटून जमिनीवर बसली, कर्टिसने हाल्वरचा हात आपल्या हातात घेतला, आणि घाट बंद असलेल्या त्या खोऱ्यात त्या सकाळी सॉल्वेग एकटी नव्हती. तासभर तरी ते तिघे तसेच फरशीवर बसून राहिले. मग जोलीन उठली आणि तिने कॉफीचं आधण ठेवलं.